चित्रफितीपासून संगणकापर्यंत

गेल्या दिवाळीच्या सुटीत शाळेच्या ग्रंथालयातील एक जुने लोखंडी कपाट रिकामे करण्याचे काम माझ्याकडे आले. फाटके नकाशे, संमेलनातल्या कुठल्याशा नाटकाचा पुठ्ठ्याचा मुकुट आणि वाळवीने अर्धी खाल्लेली हजेरीपुस्तके यांच्या तळाशी बुटांचा एक खोका निघाला. त्यात आगपेटीहून थोड्या मोठ्या अशा अकरा चित्रफिती नीट रचून ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या शाईने नाव लिहिलेले होते : 'स्नेहसंमेलन', 'विज्ञान प्रदर्शन', 'सहल' आणि एकीवर 'ढालो, पौष, २००४'.

ते अक्षर ओळखावयास मला वेळ लागला नाही. आमच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एका सरांचे ते वळण. त्या वर्षी मी याच शाळेत नववीत शिकत होते. गावातील मांडावर बायकांचे ढालो रंगले असता, वडीलधाऱ्या बायकांची परवानगी घेऊन सरांनी लांबूनच, एका कोपऱ्यात तिपाई ठेवून, ते चित्रित केले होते हे मला आठवते. समोरासमोरच्या दोन ओळींत कमरेत वाकून पुढे येणाऱ्या आणि मागे सरणाऱ्या त्या बायकांपैकी पाच-सहाजणी आज हयात नाहीत. माझी आजी त्यांपैकीच एक. त्यांच्या तोंडी असलेली काही गाणी आता गावात कोणी पूर्ण म्हणू शकत नाही.

फिती सापडल्या, पण त्या पाहावयाच्या कशा? सरांच्या घरी त्यांचा कॅमेरा अजून फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता. तो त्यांनी आनंदाने दिला. फीत आत घातली, कळ दाबली, आणि कॅमेऱ्याच्या तळहाताएवढ्याही नसलेल्या पडद्यावर चित्र हलू लागले. परंतु हा आनंद बेताचाच होता. अशा फिती वाचणारे यंत्र म्हणजे हा एक कॅमेरा. त्याचा एखादा दातेरी चक्राचा तुकडा उद्या मोडला, तर अकराही फिती मुक्या होणार. म्हणून त्यांवरील चित्र आणि ध्वनी संगणकावर उतरवून घेणे हाच एक मार्ग होता. कॅमेऱ्याच्या बाजूस झाकणाखाली दोन लहान खाचा होत्या. एकीवर 'यूएसबी' असे लिहिलेले, दुसरीवर 'डीव्ही'. यूएसबीची केबल आम्हांपाशी होती. ती जोडली. संगणकाने कॅमेरा ओळखला आणि मोठ्या तत्परतेने सात स्थिर छायाचित्रे दाखवली. ती कॅमेऱ्यातील लहानशा मेमरी कार्डावरची होती. फितीचे नावही नाही. शेजारी उभ्या असलेल्या दहावीतील एका मुलाने विचारले, "बाई, केबल तर घट्ट बसली, मग फितीवरचे चित्र का येत नाही?"

त्या दिवशी मला उत्तर देता आले नाही. मी कलाशाखेची पदवीधर आहे. विजेच्या तारांशी माझा संबंध इस्त्रीच्या वायरीपुरता. पुढे दोन-तीन महिने वाचून, विचारून आणि एकदा फसून जे कळले, ते त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून येथे मांडते.

प्रथम फितीवर काय असते ते पाहू. सन १९९५ मध्ये जपानी कंपन्यांच्या पुढाकाराने 'डीव्ही' या नावाची अंकीय चित्रणाची पद्धती बाजारात आली. तिच्या लहान आकाराच्या कॅसेटला 'मिनी डीव्ही' म्हणतात. फितीची रुंदी ६.३५ मिलिमीटर, म्हणजे पाव इंच. तिच्यावर चित्र हे चित्र म्हणून नसतेच. असतात ते फक्त शून्य आणि एक हे दोन अंक, चुंबकीय खुणांच्या रूपाने. कॅमेऱ्यात एक लहान नळकांडे मिनिटाला ९,००० फेरे या वेगाने फिरत असते. त्यावर दोन चुंबकीय शीर्षे बसवलेली असतात. फीत या नळकांड्याला तिरकी टेकून संथपणे पुढे सरकते आणि शीर्षे तिच्यावर तिरक्या रेघा ओढीत जातात. सेकंदाला १५० फेरे आणि शीर्षे दोन, म्हणजे सेकंदाला ३०० रेघा. आपल्याकडील दूरदर्शनच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे दाखवतात, तेव्हा एका चित्राच्या वाट्याला १२ रेघा येतात. एका रेघेची रुंदी १० मायक्रॉन असते. आपल्या डोक्याचा केस साधारणपणे याच्या सहा-सातपट जाड असतो. एवढ्या बारीक रेघेवर धुळीचा कण किंवा बुरशीचा ठिपका बसला, तर चित्रात चौकोनी ठिगळे का दिसतात हे निराळे सांगावयास नको.

आता थोडे गणित करू. वही घेऊन बसलात तर अधिक बरे. या पद्धतीतील एका चित्रात आडवे ७२० आणि उभे ५७६ ठिपके असतात. गुणाकार केल्यास ४,१४,७२० येतात. प्रत्येक ठिपक्याचा रंग आणि उजेड सांगावयास सरासरी १२ बिट लागतात आणि सेकंदाला अशी २५ चित्रे येतात. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेबारा कोटी बिट. एवढा भार फितीला झेपणारा नाही. म्हणून कॅमेरा प्रत्येक चित्र सुमारे पाचपट आवळतो आणि चित्राचा भार अडीच कोटी बिट, म्हणजे २५ मेगाबिट, इतका खाली आणतो. त्यात ध्वनी, तारीख, वेळ इत्यादी माहिती मिळवली की सेकंदाला ३६ लाख बाइट होतात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून हेच २ कोटी ८८ लाख बिट. एका तासाच्या फितीत ३,६०० सेकंद. तेव्हा संपूर्ण फितीसाठी संगणकावर सुमारे १३ गिगाबाइट जागा लागते.

हा आकडा लक्षात ठेवा : सेकंदाला २ कोटी ८८ लाख बिट, आणि तेही अखंड. फीत थांबत नाही. ओढ्याचे पाणी जसे 'जरा थांब, घागर आणते' म्हटल्याने थांबत नाही, तसेच हे. केबलीने आणि संगणकाने हा ओघ त्याच वेगाने झेलला पाहिजे, एरवी मधली चित्रे कायमची सांडली.

कॅमेरे निघाले त्या सुमारास संगणकाला बाहेरची उपकरणे जोडण्याचे दोन नवे मार्ग तयार होत होते. पहिला यूएसबी. इंटेल आदी सात कंपन्यांनी मिळून तो आखला आणि त्याची पहिली आवृत्ती १९९६ मध्ये प्रसिद्ध झाली. कळफलक, माउस, छपाईयंत्र अशा निरनिराळ्या उपकरणांच्या निरनिराळ्या खाचा नाहीशा करून एकच स्वस्त खाच ठेवावी, हा तिचा हेतू. तिचा अधिकात अधिक वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. माउसला तो उदंड झाला. पण आपल्या फितीला हवेत जवळजवळ २९ मेगाबिट. ओढ्याला न्हाणीच्या मोरीतून वाट काढून द्यावी तसे ते झाले असते.

दुसरा मार्ग 'फायरवायर'. अॅपल कंपनीत त्याचे काम १९८६ पासून चालले होते आणि १९९५ मध्ये 'आयईईई १३९४' या क्रमांकाने तो सर्वमान्य मानक झाला. त्याचा वेग होता सेकंदाला ४०० मेगाबिट. शिवाय त्याच्या रचनेत एक मोठी सोय होती. या केबलीवरील प्रत्येक सेकंदाचे ८,००० समान भाग केलेले असतात, आणि चित्रासारखा अखंड ओघ पाठवणाऱ्या उपकरणाला त्या प्रत्येक भागात आपली जागा आधीच राखून ठेवता येते. आपल्याकडची फेरीबोट दर खेपेला रुग्णवाहिकेसाठी एक जागा मोकळी ठेवील, बाकी गर्दी कितीही असो, तर जसे होईल तसेच. यूएसबीतही जागा राखण्याची तरतूद आहे. पण तेथे सारा कारभार संगणकाच्या हाती. त्याने विचारल्यावाचून उपकरण बोलत नाही. फायरवायरवर सर्व समान. संगणक मध्ये नसताही दोन कॅमेरे एकमेकांना जोडून एकाची फीत दुसऱ्यात उतरवता येते. आणखी असे की, त्याच तारेतून संगणक कॅमेऱ्याला 'चाल', 'थांब', 'मागे गुंडाळ' अशा आज्ञाही देऊ शकतो. चित्रफितीच्या कॅमेऱ्यांनी फायरवायर का पत्करला, ते यावरून ध्यानात येईल.

पुढे २००० मध्ये यूएसबीची दुसरी आवृत्ती आली. तिचा वेग ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर तरी फायरवायरपेक्षा सरस. मग चित्रफिती यूएसबीवर का आल्या नाहीत? थोड्या आल्या. काही मोजक्या कॅमेऱ्यांत तशी सोय होती. परंतु बहुतेक कारखानदारांनी फितीसाठी 'डीव्ही'ची खाच तशीच ठेवली आणि यूएसबीची खाच स्थिर छायाचित्रे पाठवण्यापुरती, फार तर एक लहान, भरड हलते चित्र संगणकावर दाखवण्यापुरती बसवली. आमच्या कॅमेऱ्याने सात छायाचित्रे दिली आणि फितीबद्दल मौन पाळले, त्याचे कारण हे. त्या खाचेपर्यंत फितीची वाट कारखान्यातच काढलेली नव्हती.

येथे गोंधळात टाकणारी एक गोष्ट आहे. फायरवायर या एकाच मानकाला तीन-चार नावे आहेत. अॅपल त्याला फायरवायर म्हणे, सोनी 'आय-लिंक' म्हणे, कित्येक कॅमेऱ्यांवर नुसते 'डीव्ही' लिहिलेले असते आणि संगणकाच्या कार्डाच्या खोक्यावर '१३९४' हा आकडा छापलेला असतो. दुकानदाराला एक नाव सांगावे आणि त्याने 'ते नाही, पण हे आहे' म्हणून दुसऱ्या नावाची तीच वस्तू पुढे करावी, असे घडते. नावाप्रमाणे रूपेही अनेक. कॅमेऱ्यावरची खाच अगदी चिमुकली आणि चार पिनांची. जुन्या संगणकांवरची मोठी, सहा पिनांची. २००२ मध्ये मान्य झालेल्या ८०० मेगाबिटांच्या आवृत्तीची नऊ पिनांची, चौरस. सहा पिनांतील दोन पिना वीज पुरवतात आणि उरलेल्या चार माहिती वाहतात. कॅमेऱ्याला स्वतःची बॅटरी असल्यामुळे त्याला विजेच्या पिना नकोत, म्हणून तेथे चारच. एका टोकाला सहा आणि दुसऱ्या टोकाला चार पिना असलेली साधी केबल घेतली की काम भागते. आत कसलेही यंत्र लागत नाही.

गोव्यातल्या मुलांना हे समजावणे सोपे आहे. आपली कोकणी कोणी देवनागरीत लिहितो, कोणी रोमी लिपीत. अक्षरे पाहिली तर दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध दिसत नाही. मोठ्याने वाचले की भाषा तीच. चार, सहा आणि नऊ पिनांचे फायरवायर हे असे आहे : लिपी निराळी, भाषा एक. फायरवायर आणि यूएसबी यांची गोष्ट मात्र निराळी. त्या दोन भाषाच आहेत. कोणत्या तारेवर किती दाबाची वीज, कोणी आधी बोलावे, शब्द कोठे संपतो, यांपैकी काहीही जुळत नाही. एका भाषेचा मजकूर दुसऱ्या लिपीत लिहून काढल्याने त्याचे भाषांतर होत नाही.

हे मला पैसे खर्चून कळले. केबल शोधताना इंटरनेटवरील एका विक्रेत्याकडे एक सुबक वस्तू दिसली. तिच्या एका टोकाला चार पिनांचे डीव्हीचे तोंड आणि दुसऱ्या टोकाला यूएसबीचे. किंमत तीनशे रुपयांच्या आत. मी हर्षभरित होऊन मागवली. दोन्ही टोके आपापल्या खाचांत अलगद बसली. संगणकाला काहीच दिसले नाही. पुढे केबलीच्या तोंडावरचे आवरण सोलून पाहिले, तेव्हा आत केवळ चार तारा इकडून तिकडे जोडलेल्या होत्या. भाषांतर करणारी चिप वगैरे काही नव्हते. पैसे गेले याचे फार वाईट वाटले नाही. त्याहून मोठा धोका टळला, हे नंतर समजले. यूएसबीच्या खाचेतून पाच व्होल्टची वीज येते, आणि ती फायरवायरच्या माहितीच्या तारांवर जाऊन पडली तर कॅमेऱ्यातील नाजूक भाग जळू शकतो. विद्यार्थिमित्रांनो, दोन टोकांना दोन आकार बसवलेली वस्तू पाहिली की आधी विचारावे, हिच्या पोटात दुभाष्या आहे की नुसती तार?

खरा दुभाष्या मिळाला तो एका जुन्या टेबल-संगणकासाठी. कार्यालयातून बाद झालेल्या त्या संगणकात जादा कार्डासाठी एक रिकामी पट्टी होती. तीत १३९४चे कार्ड बसवले. जुन्या सामानाच्या दुकानात अशी कार्डे अजून मिळतात. संगणकावर लिनक्स प्रणाली होतीच. तीवर 'डीव्हीग्रॅब' नावाचा एक लहान, विनामूल्य प्रोग्रॅम चालतो. तो कॅमेऱ्याला स्वतःच चालू करतो, येणारा ओघ जसाच्या तसा टिपतो आणि सांगितल्यास प्रत्येक चित्रणाची तारीख व वेळ फाइलीच्या नावातच घालतो. विंडोजवर असेच काम करणारा 'विनडीव्ही' नावाचा जुना प्रोग्रॅम आहे. 'जसाच्या तसा' हे शब्द मी जाणूनबुजून वापरले. या मार्गाने होते ती चित्राची नवी नक्कल नव्हे. फितीवरचे अंकच संगणकावर उतरतात. चुंबकीय खूण शाबूत असेल तर एका बिटाचाही फरक पडत नाही.

ज्यांच्या घरी अशा फिती असतील त्यांच्यासाठी आमच्या हातून झालेल्या आणि टळलेल्या चुका सांगते. जोडणी करताना दोन्ही यंत्रे बंद असावीत. सहा पिनांच्या तोंडाची एक बाजू निमुळती असते. ती पाहून मगच बसवावे, जोर लावू नये. जुन्या खाचांचा पत्रा सैल झालेला असतो आणि तोंड उलटे घुसू शकते. तसे झाले तर विजेची पिन माहितीच्या तारेला भिडते आणि कॅमेऱ्याची खाच कायमची निकामी होते. चार पिनांचे टोक फार नाजूक, त्याला ताण बसू देऊ नये. केबल साडेचार मीटरांहून लांब नसावी. कॅमेरा बॅटरीवर न चालवता त्याच्या चार्जरवर चालवावा आणि त्याची कळ चित्रणावर न ठेवता 'प्ले' किंवा 'व्हीसीआर' या खुणेवर ठेवावी. ही शेवटची गोष्ट विसरल्यामुळे आम्ही अर्धा तास केबलीला दोष देत बसलो होतो! कॅसेटच्या पाठीवर एक इवलीशी सरकपट्टी असते. ती 'सेव्ह'कडे सरकवली की चुकूनही वर दुसरे चित्रण होत नाही. हे काम सर्वांत आधी करावे.

आपल्या हवेचेही भान ठेवले पाहिजे. वातानुकूलित खोलीतून कॅमेरा बाहेर दमट हवेत आणला की आतल्या नळकांड्यावर दव धरते आणि फीत त्याला चिकटते. अशा वेळी तासभर थांबावे. वीस वर्षे न हललेली फीत आधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळावी, म्हणजे तिचा ताण सर्वत्र सारखा होतो. फितीच्या कडेवर पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी समजावी आणि ती फीत कॅमेऱ्यात मुळीच घालू नये. बुरशी शीर्षांना लागते आणि तेथून पुढच्या फितींना.

फीत उतरू लागली की घाई करून उपयोग नाही. केबलीची वाट ४०० मेगाबिटांची असली तरी प्रवासी आपल्या २९ मेगाबिटांच्या चालीनेच येणार, कारण नळकांडे त्याच वेगाने फिरते. तासाच्या फितीला तास लागतो. आणि ती १३ गिगाबाइटची फाइल पेनड्राइव्हवर उतरवण्यास गेलात आणि 'जागा नाही' असा संदेश आला, तर दचकू नये. 'फॅट३२' या पद्धतीने आखलेल्या पेनड्राइव्हवर ४ गिगाबाइटहून मोठी एकसंध फाइल राहत नाही, मग आत जागा कितीही मोकळी असो. तो 'एक्सफॅट' पद्धतीने नव्याने आखावा. अर्थात आखण्यापूर्वी आतला मजकूर दुसरीकडे हलवून.

नव्या संगणकांवर फायरवायरची खाच दिसत नाही. त्याचा ऱ्हास कसा झाला ती कथा मनोरंजक आहे, पण थोडक्यात सांगते. १९९९ च्या सुमारास अॅपलने प्रत्येक खाचेमागे एक डॉलर मोबदला मागितला. पुढे तो बराच कमी झाला. पण तोवर इंटेलने आपले बळ यूएसबीच्या दुसऱ्या आवृत्तीमागे उभे केले होते. २००१ मध्ये फायरवायरला अमेरिकेतील दूरचित्रवाणी क्षेत्राचा एमी पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी निघालेला पहिला आयपॉड फायरवायरनेच जोडावा लागे. आणि चार वर्षांनी त्याच आयपॉडच्या नव्या आवृत्तीतून गाणी भरण्यासाठी फायरवायर वर्ज्य झाला. २००६ मध्ये सोनी आणि पॅनासॉनिक यांनी कार्डावर किंवा डिस्कवर चित्रण करणारी नवी पद्धती जाहीर केली. तीत चित्रण म्हणजे तयार फाइलच असते, ओघ झेलण्याचा प्रश्न उरत नाही आणि यूएसबीने ती तासाच्या काही अंशात उतरते. फितीचा कॅमेरा मागे पडला आणि त्याच्याबरोबर त्याची केबलही. अॅपलच्या संगणकांवर 'थंडरबोल्ट' या खाचेतून, त्या कंपनीच्या अडॅप्टरच्या साहाय्याने, फायरवायरला अनेक वर्षे आसरा होता. त्या अडॅप्टरात खरोखरीचा दुभाष्या बसवलेला असतो. परंतु सप्टेंबर २०२५ मध्ये आलेल्या 'मॅकओएस २६' या प्रणालीतून फायरवायरचा आधार काढून टाकण्यात आला. म्हणजे केबल आहे, दुभाष्या आहे, पण ऐकणाऱ्यालाच ती भाषा विसरावयास सांगितले आहे. ज्यांच्यापाशी जुना मॅक असेल त्यांनी फिती उतरवून होईपर्यंत प्रणाली बदलू नये.

आता मोबाइलपासून संगणकापर्यंत सर्वत्र 'यूएसबी-सी' ही एकच लंबगोल खाच आली आहे. आता तरी गोंधळ संपला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण येथे मघाचीच गोष्ट उलटी होऊन समोर येते. देवनागरीत मराठी लिहितात, हिंदी लिहितात, कोकणी आणि संस्कृतही लिहितात. अक्षरे सारखी म्हणून भाषा एक होत नाही. त्या लंबगोल खाचेतून कोठे साधी यूएसबी २.० बोलते, कोठे तिची वेगवान आवृत्ती, तर कोठे थंडरबोल्ट. खाचेशेजारची बारीक खूण आणि यंत्राची माहितीपुस्तिका पाहिल्यावाचून हे कळत नाही.

फायरवायर कोठेच मिळत नसेल तर शेवटचा उपाय उरतो. कॅमेऱ्याबरोबर येणाऱ्या पिवळ्या, पांढऱ्या आणि तांबड्या टोकांच्या तारेतून चित्र बाहेर काढावयाचे आणि यूएसबीला जोडणाऱ्या एका लहान पेटीतून ते पुन्हा अंकांत उतरवावयाचे. या मार्गाने काम होते. पण अंकांचे लहरींत आणि लहरींचे पुन्हा अंकांत असे दोनदा रूपांतर झाल्याने चित्र मऊ पडते आणि तारीख-वेळ हरवते. मराठी कवितेचे इंग्रजी भाषांतर करून त्याचे पुन्हा मराठी करावे, तसे. डीव्हीच्याही आधीच्या, 'व्हिडिओ ८' किंवा 'हाय ८' पद्धतीच्या फिती कोणाकडे असतील तर मात्र हाच मार्ग रास्त, कारण त्यांवरचे चित्र मुळातच लहरींचे आहे. सोनीने १९९९ मध्ये काढलेल्या 'डिजिटल ८' कॅमेऱ्यांपैकी काही त्या जुन्या फिती वाचून फायरवायरमधून अंकीय रूपात बाहेर देतात. कोणाच्या घरी असा कॅमेरा माळ्यावर पडून असेल तर तो भंगारात घालू नये. फिती असलेल्या पालकांना माझी विनंती आहे की, नुसती फीत न आणता कॅमेरा आणि त्याचा चार्जरही शोधून आणावा, आणि जमल्यास पावसाळ्यापूर्वी. शनिवारी दुपारी ग्रंथालय उघडे असते.

आमच्या अकरा फितींपैकी आठ पूर्ण उतरल्या. दोन फितींत मधून मधून ठिगळे आहेत. 'सहल' नावाची फीत बुरशीमुळे अजून घातलेली नाही, ती प्लास्टिकच्या डब्यात निराळी ठेवली आहे.

ढालोची फीत दोषी निघालेल्या दोहोंतली. फाइलीच्या नावात ५ जानेवारी २००४ ही तारीख आणि रात्रीचे दहा वाजून चाळीस मिनिटे ही वेळ आली आहे. उजेड फार कमी आहे आणि चेहरे अंधुक दिसतात, परंतु आवाज स्वच्छ आहे. आठवीतल्या चार मुली कानाला हेडफोन लावून ती गाणी वहीत उतरवून घेत आहेत. बोल कोठे कोकणी, कोठे मराठी, कोठे दोहोंच्या मधले. न कळलेला शब्द त्या घरी आजीला विचारून येतात. दोन ठिकाणी चित्र चौकोनांत फुटते आणि तेवढाच वेळ आवाजही नाहीसा होतो. तेथले बोल अद्याप कोणाला सांगता आलेले नाहीत. वहीत त्या दोन ओळींची जागा कोरी सोडली आहे.